डांबर वर, साईडपट्टी खाली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हे पत्र साईडपट्टीबद्दल, म्हणजे डांबराच्या कडेच्या मुरमाच्या पट्टीबद्दल आहे. पण आधी इथल्या सायकलच्या रस्त्यांविषयी थोडे. पावसाळा ओसरला की बाहेरगावचे सायकलस्वार साताऱ्यात येतात आणि बहुतेक जण कास किंवा वाई-पाचगणीचा पसरणी घाट धरतात. चढ दोन्ही सुरेख आहेत, पण सुट्टीच्या दिवशी तिथे मोटारींच्या रांगा लागतात. सायकलचे खरे रस्ते नदीकाठाने जातात. जिल्ह्याची ठेवण एकदा लक्षात आली की ते शोधावे लागत नाहीत. सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे डोंगरांचे फाटे उतरतात आणि दोन फाट्यांच्या मध्ये एकेक नदी वाहते. वाईकडे कृष्णा, मेढ्याकडे वेण्णा, परळीला उरमोडी, तारळ्याला तारळी, पाटणला कोयना. नदीच्या सोबतीने गेलात तर चढ जाणवेल न जाणवेल इतकाच. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायचे तर मात्र डोंगर ओलांडावाच लागतो. म्हणून दिवसाची आखणी किलोमीटरवर करू नये, किती खोरी बदलायची आहेत यावर करावी.

नवख्याने वाई-मेणवली-धोम करावे. पुढची पायरी म्हणजे साताऱ्याहून मोळाचा ओढा, कण्हेर धरणाच्या बाजूने मेढा. हे अंतर सुमारे २५ किलोमीटर. मेढ्याहून कुडाळकडे निघाले की वेण्णेचे खोरे सुटते आणि कुडाळी नदीचे लागते. तिथून पाचवड आणि पाचवडहून वाई, म्हणजे महामार्गावर फारसे जावे लागत नाही. पाय तयार असतील तर साताऱ्याच्या बोगद्यातून परळीकडे, सज्जनगडाच्या फाट्यावरून बोरणे घाटाने ठोसेघर आणि वर चाळकेवाडीचे पठार. तिथल्या पवनचक्क्या वारा पाहूनच उभारल्या आहेत. पावसाळ्यात तो पश्चिमेकडून येतो, खुल्या सड्यावर सायकल आडवी ढकलतो. खोल रिमची चाके त्या दिवसांत घरीच ठेवावीत.

घाटासाठी मागची सर्वांत मोठी चकती ३४ दातांची आणि पुढची लहान चकतीही ३४ दातांची असावी. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.१ मीटर पुढे सरकते, त्यामुळे ताशी ७-८ किलोमीटरलाही मिनिटाला ६० फेरे राखता येतात आणि गुडघे वाचतात. वाई ते पाचगणी सुमारे बारा किलोमीटरांत साडेपाचशे मीटरांच्या आसपास चढ आहे. तो दमाने चढला तर अवघड नाही, जोखीम उतरताना आहे. रिमवर दाबणारे ब्रेक सतत धरून ठेवले की रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. वळणाआधी जोरात दाबावे, वेग कमी झाला की पूर्ण सोडावे. टायर २८ किंवा ३२ मिलिमीटरचा घ्यावा. ७० किलो वजनाच्या स्वाराने ३२च्या टायरमध्ये पुढे ५० ते ५५ आणि मागे ५५ ते ६० पीएसआय (पंपावरचे हवेच्या दाबाचे माप) हवा ठेवावी. दगडासारखी टणक हवा भरलेले टायर आपल्या खडबडीत डांबरावर उसळतात आणि पकड सोडतात.

एवढे सगळे सांभाळूनही ज्या गोष्टीने माणूस पडतो, त्यासाठी हे पत्र आहे. ती गोष्ट म्हणजे साईडपट्टी.

रस्त्यावर नवा थर चढतो, काही वर्षांनी त्यावर आणखी एक. दर वेळी डांबराची कड वर जाते आणि कडेचा मुरूम पावसाने आणखी खाली जातो. बघता बघता तीन-चार इंचांची उभी पायरी तयार होते. मागून एसटी आली, समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या आल्या, की सायकलवाला खाली उतरतो. इथवर ठीक. पण परत वर यायला तो हँडल हलकेच वळवतो, पुढचे चाक कडेला घासत राहते, चढत नाही, आणि शरीराचा तोल मात्र आधीच रस्त्याकडे गेलेला असतो. माणूस पडतो तो डांबरावर, मागच्या गाडीच्या पुढ्यात. तरबेज स्वाराचेही हेच होते, कारण इतक्या तिरक्या कोनात चाकाला पायरी चढताच येत नाही. खाली उतरावे लागलेच तर हँडल सरळ धरावे, वेग कमी करून थांबावे आणि सायकल उचलून वर घ्यावी. शाळेत सायकलवर जाणाऱ्या मुलांना तर हे जरूर शिकवावे, कारण याच कडेवरून ती रोज जातात.

सांगलीकडे याची दुसरी तऱ्हा दिसते. पलूस, भिलवडी, औदुंबर हा कृष्णाकाठ सपाट असल्याने सायकलला अगदी सोपा वाटतो. पण जमीन काळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि त्यावरचा रस्ता कडेने लांबच लांब चिरतो. अशी चीर चाकाच्या दिशेनेच धावते, त्यामुळे अरुंद टायर तिच्यात सरळ अडकतो. तिथे मुरूम टाकून भागत नाही, चीर साफ करून डांबराने भरावी लागते.

उपाय महागडा नाही. थर टाकण्याच्या कामातच साईडपट्टी धरावी. मुरूम थरांमध्ये टाकावा, पाणी मारून रोलर फिरवावा, वरचा थर डांबराच्या कडेशी सपाट आणावा आणि बाहेर उतार रस्त्यापेक्षा थोडा जास्त द्यावा, म्हणजे पाणी थांबत नाही. पाणी न मारता नुसता ओतलेला मुरूम पहिल्याच वळवात वाहून जातो. जिथे मुरूम टिकतच नाही तिथे निदान डांबराची कड उभी न ठेवता तिरपी दाबावी, म्हणजे चाक वर चढू शकते.

गतिरोधकांचेही असेच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मानकात गोलाई १७ मीटर त्रिज्येची, रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटीमीटर सांगितली होती. पट्टे रंगवायचे आणि ४० मीटर आधी सूचनाफलक लावायचा. गावोगावी हातभर रुंदीचा, बिनरंगाचा उंचवटा असतो. पहाटेच्या अंधारात तो दिसत नाही आणि उतारावर हात हँडलवरून सुटतात.

आता गळीत हंगाम. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर ओली माती डांबरावर येते, दवाने तिचा राडा होतो. उसाच्या कांड्या आणि पाचट पडते. कांडी गोल असते, चाकाखाली फिरते, म्हणून वळणावर दिसली तर ब्रेक न दाबता सरळ जावे. आपण पुढे असू तर हाताने खूण करून मागच्याला दाखवावी. ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर असलेच पाहिजेत. तोवर सायकलस्वारांनी मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा.

बांधकाम खाते आणि जिल्हा परिषद दोघांनाही विनंती, की साईडपट्टीचे काम पाऊस थांबल्यावर आणि कारखान्यांचे बॉयलर पेटण्याआधी करावे. ट्रॉल्या सुरू झाल्यावर टाकलेला मुरूम बसत नाही. सगळे रस्ते एकदम होणार नाहीत, हे आम्ही जाणतो. मग निदान क्रम असा ठेवावा. आधी वळणांची आतली बाजू, कारण गाड्या डांबर सोडून तिथेच उतरतात आणि पट्टी सर्वांत जास्त खचते. मग मोऱ्यांची दोन्ही तोंडे, जिथे भराव दबून आडवी पायरी तयार होते. आणि प्रत्येक शाळेच्या अलीकडचा-पलीकडचा अर्धा किलोमीटर.

आपले,
काही सायकलस्वार, सातारा