उतारावरून घसरली नाहीत, उधाणावर तरंगली

महोदय,

मुंबई गोदीतल्या जुन्या युद्धनौकांवरचा आपल्या पुरवणीतला लेख चांगला आहे, पण सोबतचे चित्र चुकीचे आहे. त्यात तोफा आणि शिडांसह सजलेले जहाज उतारावरून पाण्यात घसरताना दाखवले आहे. चरबी आणि साबण चोपडलेल्या लाकडी उतारावरून जहाज मागच्या बाजूने सोडण्याची ती पद्धत इंग्लंडातल्या अनेक बांधणीघरांत होती. मुंबईत वाडिया या पारशी जहाजबांधणी घराण्याची मोठी जहाजे सुक्या गोदीत, म्हणजे फाटक लावून कोरड्या ठेवलेल्या गोदीत, बांधली जात आणि भरतीचे पाणी आत घेऊन तरंगवली जात.

त्यांच्या जलावतरणाच्या तारखाच बघा. ‘मिंडेन’ 19 जून 1810, ‘वेलस्ली’ 24 फेब्रुवारी 1815, ‘त्रिंकोमाली’ 12 ऑक्टोबर 1817, ‘गँजेस’ 10 नोव्हेंबर 1821. चंद्राच्या कलांशी ताडून पाहिल्यावर ‘वेलस्ली’ आणि ‘गँजेस’ पौर्णिमेच्या सुमारास येतात, ‘मिंडेन’ पौर्णिमेनंतर आणि ‘त्रिंकोमाली’ अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी. उधाणाचा खरा जोर त्याच दिवसांत असतो, हे कोणताही कोळी सांगेल. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारासच्या कमी भरतीला, त्याच्या निम्माही राहत नाही. मुहूर्त पाहत असतीलही, पण तो या चार-पाच दिवसांतलाच असणार.

काम वाटते तितके सोपे नाही. जहाज ठोकळ्यांवर उभे असते आणि दोन्ही अंगांना लाकडी टेकू असतात. पाणी हळूहळू आत घ्यायचे आणि जहाज उचलू लागले की टेकू दोन्ही बाजूंनी जोडीजोडीने सोडवायचे. एका अंगाचे आधी निघाले तर ते कलते. रिकामे जहाज वरून जड असते, म्हणून तळात आधीच वजन भरावे लागते. तेही बेताने, कारण जास्त झाले तर ते अधिक खोल बसते आणि गोदीच्या उंबऱ्याला घासते. महिनोन्‌महिने कोरड्यात राहिलेल्या फळ्या भिजून फुगेपर्यंत सांध्यांतून थोडे पाणी येतेच. तेवढ्यासाठी पंपावर माणसे हवीत. मग भरती टोकाला पोहोचून पाणी थबकते, त्या थोड्या वेळात दोरखंडांनी ओढून जहाज फाटकाबाहेर काढायचे. उंबऱ्यावर अडकले आणि ओहोटी लागली, तर मध्ये आधार आणि पुढचे-मागचे टोक अधांतरी, अशा स्थितीत पठाणच, म्हणजे जहाजाच्या तळाचा लांब कणाच, मोडू शकतो. वेळ हुकली तर पुढच्या उधाणापर्यंत पंधरवडा थांबा.

फाटकाची रुंदीही मोजलेली हवी. ब्रिटिश नौसेनापती नेल्सनची म्हणून प्रसिद्ध असलेली ‘व्हिक्टरी’ ही युद्धनौका 1765 मध्ये इंग्लंडातल्या चॅटमच्या गोदीतून अशीच तरंगवून काढायची होती. ऐन वेळी फाटक सुमारे साडेनऊ इंच अरुंद निघाले आणि सुतारांना लाकूड तासून वाट करावी लागली.

लेखात चांदीच्या खिळ्याचा उल्लेख आहे, तो योग्य आहे. मात्र ‘त्रिंकोमाली’च्या पठाणात जमशेदजी बोमनजी वाडियांनी तो ठोकला 1816 मध्ये, बांधणीच्या आरंभी, जलावतरणाशी त्याचा संबंध नाही. हे जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे.

चित्र पुन्हा छापायचे झाल्यास निदान तोफा काढा. त्या जहाज गोदीबाहेर आल्यावरच चढवत.

आपला,
एक वाचक, माझगाव, मुंबई