डार्टला मसल कार म्हणू नका हो!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या अमेरिकन गाड्यांवरचा लेख वाचला. लेख चांगलाय, फोटो तर मस्तच, पण डॉज डार्टला मस्टँग-कॅमेरोच्या रांगेत उभं करून 'मसल कार', म्हणजे दणकट ताकदीचं इंजिन बसवलेली वेगवान गाडी, म्हणून उरकून टाकलंय आणि वर एका वाक्यात '१९६० ते २०१६ अशी पिढ्यानपिढ्या चाललेली गाडी' असं ठोकून दिलंय, ते वाचून राहवलं नाही. ऐंशीच्या दशकात ओहायोत शिकायला होतो तेव्हा माझ्याकडे सेकंडहँड १९७० ची डार्ट होती, त्यामुळे या विषयावर जरा जास्तच बोलतो असं घरचे म्हणतात, तरी छापता आलं तर छापा.

मुळात डार्ट हे नाव आधी आलं आणि ज्या गाडीला लोक आज डार्ट म्हणून ओळखतात ती बरीच नंतर आली. १९५६ मध्ये क्रायस्लरने (डॉज आणि प्लिमथ हे तिचेच ब्रँड) इटलीतल्या घिया कंपनीकडून एक प्रदर्शनाची गाडी बनवून घेतली, तिचं नाव डार्ट. मग १९६० मध्ये हेच नाव एका चांगल्या लांबलचक, शेपट्या असलेल्या गाडीला लावलं, चाकांमधलं अंतर ११८ इंच. ही कॉम्पॅक्ट वगैरे काही नव्हती, डॉजच्या डीलरला विकायला एक स्वस्त मोठी गाडी पाहिजे होती एवढंच, आणि ती विकली पण गेली भरपूर. १९६२ ला तेच नाव ११६ इंचाच्या आखूड केलेल्या गाडीला गेलं. त्याची गोष्ट अशी सांगतात की क्रायस्लरचा एक बडा साहेब कुठल्याशा पार्टीत गेला, तिथे त्याच्या कानावर पडलं की शेवरले पुढच्या वर्षी गाड्या लहान करणार, आणि त्याने घाईघाईत आपल्या तयार होत आलेल्या डिझाइनला कात्री लावायला सांगितली. शेवरले काढत होती ती वेगळी छोटी गाडी, मोठ्या गाड्या मोठ्याच राहिल्या आणि हे बसले तोंड बघत. डिझाइन प्रमुख व्हर्जिल एक्सनरची खुर्ची गेली, फोर्डकडून एल्वुड एंगेल आला.

म्हणजे बघा, तीन वर्षांत एकाच नावाच्या दोन गाड्या, आणि त्यांचा आपल्या डार्टशी संबंध फक्त मागच्या पत्र्यावरच्या अक्षरांपुरता. ह्यांना कसल्या पिढ्या म्हणायचं?

खरी डार्ट सुरू होते १९६३ ला आणि तिचं मूळ आहे व्हॅलियंटमध्ये. १९५८ च्या मंदीत अमेरिकन माणूस फोक्सवॅगन बीटल आणि रॅम्बलरकडे वळायला लागला म्हणून डेट्रॉइटच्या तीन बड्या कंपन्यांनी १९६० च्या मॉडेल वर्षासाठी आपापल्या छोट्या गाड्या काढल्या, फोर्डची फाल्कन, शेवरलेची कॉर्वेअर आणि क्रायस्लरची व्हॅलियंट. (छोट्या म्हणजे त्यांच्या हिशोबाने हं, माझी कॉम्पॅक्ट डार्ट पाच मीटरच्या आसपास लांब होती, आपली पद्मिनी चार मीटरच्या आत बसायची.) डॉजला त्याच सांगाड्यावरची लॅन्सर दिली होती, ती फारशी चालली नाही, मग १९६३ ला सांगाडा ताणून १११ इंच केला आणि नाव दिलं डार्ट. हा १११ इंचाचा आकडा पुढे १९७६ पर्यंत सेडानला कायम राहिला, बाहेरून पत्रा कितीही बदलला तरी.

आता मुद्द्याचं. मला विचाराल तर या गाडीच्या पिढ्या इंजिनावरून मोजायच्या आणि तशा मोजल्या तर तिची एकच पिढी आहे. ते इंजिन म्हणजे स्लँट सिक्स. विलेम वीर्टमन यांच्या टीमने केलेलं, सहा सिलिंडर एका ओळीत पण पूर्ण इंजिन ३० अंशात प्रवाशाच्या बाजूला झुकवलेलं. लोकांना वाटतं स्टाइल म्हणून तिरकं ठेवलं, तसं नाही. एक तर उंची कमी झाली म्हणून बॉनेट खाली आणता आलं. दुसरं, वॉटर पंप इंजिनाच्या पुढे न लावता बाजूला सरकवला म्हणून लांबी कमी झाली. आणि तिसरं सगळ्यात भारी, ड्रायव्हरच्या बाजूला जी मोकळी जागा मिळाली तिथे इनटेक मॅनिफोल्डचे, म्हणजे हवा-पेट्रोल सिलिंडरपर्यंत नेणारे, लांब पाइप बसले, प्रत्येक सिलिंडरला जवळजवळ सारखं मिश्रण जायचं, त्यामुळे हे साधं दिसणारं इंजिन बऱ्यापैकी ओढायचं. आधी १७० क्युबिक इंचाचं, मग २२५ चं, १९७० पासून १७० च्या जागी १९८ चं. तिन्हीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ३.४ इंच, फरक फक्त स्ट्रोकमध्ये (पिस्टन किती वरखाली होतो त्यात), म्हणजे मूळ कल्पना एक आणि तिलाच घासूनपुसून चालवत राहिले. क्रँकला (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) बेअरिंग फक्त चार पण क्रँक फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेला, १९७६ पर्यंत. व्हॉल्व्हची फट आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक टॅपेट नव्हते, ठराविक मैलांनी टॅपेट सेटिंग करावं लागायचं आणि तेही इंजिन गरम आणि चालू असताना, इनटेकला दहा थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्टला वीस थाऊ, रॉकर हलत असताना फट मोजायची पातळ पट्टी, फीलर गेज, आत सरकवायचा, तेल उडून शर्टाची वाट लागायची ते वेगळंच. पण एवढं केलं की बाकी गाडी काही मागायची नाही.

टीका करायची नाही असं नाही. डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटून देणारा भाग) खाली अडचणीत, ओल्या दिवसात सकाळी सुरू व्हायला कुरकुर ठरलेली. आणि क्रायस्लरच्या त्या काळच्या कुठल्याही गाडीवाल्याला विचारा, बॅलास्ट रेझिस्टर (इग्निशनचा करंट कमी करणारा भाग) म्हटलं की हसेल. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, पांढरा चिनी मातीचा बोटाएवढा तुकडा असतो. तो गेला की गंमत अशी, चावी स्टार्टवर धरलीत तोवर इंजिन चालू, सोडलीत की लगेच बंद, कारण स्टार्टला करंट रेझिस्टरला वळसा घालून जातो आणि चालताना त्याच्यातून जातो. माहीत नसेल त्याने कार्ब्युरेटर उघडून बसावं दिवसभर! माहीत असलेले लोक डॅशच्या कप्प्यात एक स्पेअर ठेवायचे.

बॉडीचं थोडक्यात सांगतो. १९६३ ते ६६ ची गोल डोळ्यांची, साधी, कन्व्हर्टिबलसुद्धा मिळायची. १९६४ पर्यंत ऑटोमॅटिक गिअर बदलायला डॅशवर बटणं होती, दांडा नाही, ६५ पासून बटणं गेली. ६४ लाच २७३ क्युबिक इंचाचं छोटं व्ही एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन पण मिळायला लागलं. १९६७ ला नवी चौकोनी बॉडी आली आणि तीच शेवटपर्यंत. हिची मागची काच आत वळलेली होती, बाहेर फुगीर नाही तर खोलगट, दिसायला फार देखणी, पण ओहायोच्या थंडीत त्या खोलगट जागेत बर्फ साठून बसायचा आणि मागचा खांब एवढा जाड की तिरकं मागे वळून बघण्यात अर्थच नव्हता.

माझ्या गाडीची एक खोड सांगतो कारण ती पुस्तकात शोभेल अशी आहे. क्रायस्लर १९७० पर्यंत गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलट्या आट्यांचे स्टड लावायची, विचार असा की चाक ज्या दिशेला फिरतं त्याने नट सैल पडू नये. स्टडच्या टोकावर बारीक एल अक्षर असायचं. एका टायरवाल्याकडे गाडी दिली, पोरगं एअर गनवाल्या पान्याने उजवीकडची दोन्ही चाकं झटक्यात काढून डावीकडे आलं आणि त्याच दिशेने गन दाबली. नट हलेना, म्हणून अजून दाबली, आणि कट्कन स्टड तुटला, मग दुसरा. मी ओरडत पळत येईपर्यंत तिसरा. मालक मलाच म्हणतो असली गाडी आणू नका इकडे. १९७१ पासून कंपनीने चारी चाकांना सरळ आटे केले, सुटलो म्हणायचं.

आता मसल कारचं. हो, १९६८ ला कंपनीने ४२६ क्युबिक इंचाचं अवाढव्य हेमी इंजिन कोंबलेल्या डार्ट काढल्या, साधारण ८०, फक्त ड्रॅग रेसिंगसाठी (सरळ पट्ट्यावरची छोट्या अंतराची शर्यत), पुढचे पत्रे फायबरग्लासचे, वजन वाचवायला काचा पातळ, वॉरंटी नाही. ३४० व्ही एटची स्विंगर पण झाली आणि ती खरंच पळायची, हे मान्य. पण तुमच्या लेखात फोटो फक्त त्यांचेच! रस्त्यावर धावणाऱ्या डार्ट बहुतेक स्लँट सिक्सवाल्या, फिक्या हिरव्या किंवा तपकिरी, आतमध्ये शाळामास्तर, नर्स, रिटायर्ड आजोबा नाहीतर आमच्यासारखे पैसे मोजून खर्च करणारे विद्यार्थी. त्या लाखो लोकांना सोडून ऐंशी गाड्यांवरून गाडीची ओळख सांगायची हे काही पटत नाही.

मधे १९७१ ला डेमन नावाची आखूड आवृत्ती आली, प्लिमथ डस्टरच्याच बॉडीवर, पत्र्यावर त्रिशूळ घेतलेला छोटा सैतान. काही चर्चवाल्या मंडळींना ते रुचलं नाही, मग १९७३ ला तिचं नाव गुपचूप डार्ट स्पोर्ट केलं. १९७२ च्या माहितीपत्रकात २२५ इंजिनाची ताकद १४५ वरून ११० हॉर्सपॉवरवर आलेली दिसते, ती बघून इंजिनाचा गळा दाबला असं लिहिणारे बरेच आहेत, प्रदूषणाच्या नियमांनी थोडी गेली हे खरं पण मोठा फरक मोजण्याच्या पद्धतीचा होता, आधी नुसतं इंजिन टेबलावर ठेवून मोजायचे, मग पंखा, फिल्टर, सायलेन्सर सगळं लावून मोजायला लागले. नंतर आले ताशी पाच मैलाच्या धक्क्याचे बंपर, जडच्या जड. आणि तरी १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखलं तेव्हा या म्हाताऱ्या डार्टला परत सोन्याचे दिवस आले. १९७६ ला डार्ट लाइट काढली, बॉनेटच्या आतली फ्रेम, बंपरच्या मागचे आधार असं काय काय अॅल्युमिनियमचं करून वजन उतरवलं, अॅव्हरेज वाढलं. म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या गाडीत अजून दम होता.

आणि नेमकं तेव्हाच कंपनीने ती बंद केली. तिच्या जागी डॉज अॅस्पेन आणि प्लिमथ व्होलारे. मोटर ट्रेंड मासिकाने १९७६ ची कार ऑफ द इयर म्हणून गौरवलं, आणि थोड्याच काळात पुढचे मडगार्ड गंजून भोकं पडायला लागली, चालता चालता गाडी बंद पडायला लागली, रिकॉलवर रिकॉल. नंतर कंपनीची सूत्रं हातात घेतलेल्या ली आयकोकांनीसुद्धा उघड लिहिलंय की या गाड्या घाईने बाजारात आणल्या. १९७९ मध्ये क्रायस्लर सरकारच्या दारात उभी होती, दीड अब्ज डॉलरच्या कर्जाची हमी घेऊन वाचली. ते काही फक्त अॅस्पेनमुळे झालं नाही, पण ज्या गिऱ्हाइकाने तीन-तीन डार्ट घेतल्या तो एकदा टोयोटाकडे गेला तो परत आला नाही. इंजिन मात्र याही सगळ्यातून टिकलं, कारमध्ये १९८३ पर्यंत आणि पिकअपमध्ये १९८७ पर्यंत.

अमेरिकेबाहेरही हिचा संसार होता. स्पेनमध्ये बॅरेरोस कंपनी डार्ट बनवायची, तिच्यातूनच पुढे डॉज ३७०० झाली, आपल्या स्लँट सिक्सचे ३.७ लिटर म्हणून ३७००. २० डिसेंबर १९७३ ला माद्रिदमध्ये पंतप्रधान कारेरो ब्लांको यांची गाडी रस्त्याखालच्या स्फोटाने उडून इमारतीवरून पलीकडे पडली, ती हीच ३७०० जीटी.

राहता राहिली २०१३ ची डार्ट. जुना वाडा पाडून टॉवर बांधायचा आणि गेटवर वाड्याचंच नाव लावायचं, तसला प्रकार. खालचा सांगाडा अल्फा रोमिओ जुलिएटाचा, पुढची चाकं ओढणारी गाडी, १.४ लिटरचं फियाटचं टर्बो इंजिन, जुन्या डार्टचा एक बोल्टसुद्धा नाही. २००९ मध्ये दिवाळखोरीतली क्रायस्लर फियाटच्या हाती देताना अमेरिकन सरकारने अट घातली होती की गॅलनला ४० मैल देणारी गाडी अमेरिकेत बनवा म्हणजे आणखी ५ टक्के हिस्सा मिळेल, ती अट डार्टवर भागवली. गाडी वाईट नव्हती, भाच्याकडे होती, मी चालवलीये, पण इलिनॉयच्या बेल्व्हिडीअर कारखान्यात २०१६ मध्ये बंद झाली आणि कुणी फारसं हळहळलं नाही.

यात आपल्याकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट तुमच्या लेखकाने हातची घालवली. डॉज आणि फियाट २००९ मध्ये पहिल्यांदा भेटले असं अमेरिकेतले लोक समजतात, पण आपल्या कुर्ल्याला ते पन्नाशीच्या दशकातच एका छपराखाली होते. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ आणि फार्गो ट्रक जोडायची, आणि १९५४ पासून तिथेच फियाट ११०० सुद्धा, जिची पुढे पद्मिनी झाली. ती काळी-पिवळी मुंबईच्या रस्त्यावरून गेली ऑक्टोबर २०२३ मध्ये, तेव्हा तुम्ही अख्खं पान दिलं होतं, त्यात पण डॉजचा उल्लेख नव्हता. कुर्ल्याच्या त्या कारखान्यात लाइनवर काम केलेली माणसं आता ऐंशीच्या पुढची असतील, त्यांच्यापैकी कुणी भेटलं तर पुरवणीसाठी लिहून घ्या, डॉज कशी जोडायचे, सुटे भाग क्रेटमधून कसे यायचे, कुठले इथे बनायचे, हे वाचायला आवडेल.

आणि जमलं तर एक दुरुस्तीही छापा. लेखातला तिसरा फोटो, खाली '१९७४ ची डार्ट स्पोर्ट' लिहिलेला, तो डस्टरचा आहे. मागचे दिवे बघा.

आपला,
एक जुना वाचक, ठाणे