काका, तुम्ही आधी झाडू मागितलात

काका, नमस्कार.

तुम्ही माझ्या बंद पडलेल्या जीपचं इंजिन बाहेर काढायला मदत केलीत त्या रविवारला पंधरा दिवस झाले, पण अजून रोज सकाळी पोर्चमध्ये आलो की माझं लक्ष आधी फरशीकडे जातं. हे पत्र कागदावर लिहून घरी आणून द्यायचं होतं, दोनदा लिहायला बसलोही, पण तुमच्यासमोर मला नीट बोलता येत नाही आणि तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय संपवता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. तुमची नात वाचून दाखवेल. तिला सांगा सावकाश वाच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जीप माझ्या वडिलांची, महिंद्राची एमएम ५४०, १९९२ची, प्युजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन. निफाड तालुक्यातल्या आमच्या मळ्यातून पिंपळगावच्या मार्केटला टोमॅटोचे क्रेट याच गाडीने जायचे, माझ्या बहिणीची पाठवणी याच गाडीतून झाली. वडील गेले, गाडी उभी राहिली, इंजिन जाम झालं. सगळे म्हणाले भंगारात द्या, आणि मला ते जमत नव्हतं एवढंच.

पहिल्या गॅरेजवाल्याने ॲडव्हान्स घेतला आणि गाडी आठ महिने झाडाखाली ठेवली, परत आणली तेव्हा बोनेटखाली उंदरांनी घर केलेलं. त्याच्यावर मी जास्त लिहीत नाही. दुसरा मिस्त्री घरी आला, चेन कप्पी घेऊन, आणि ती त्याने सरळ आमच्या पोर्चमधल्या झोपाळ्याच्या कडीला अडकवली. मी विचारलं ही कडी घेईल का एवढं वजन, तर म्हणाला "साहेब, रोजचं काम आहे आमचं". इंजिन चार बोटं वर आलं असेल नसेल, कडीभोवतीचं प्लास्टर खाली पडलं, कडी वाकली आणि इंजिन धाडकन परत खाली बसलं. माझा भाचा, वय वर्षे १७, दोन सेकंद आधी फाउंडेशनच्या, म्हणजे इंजिन गाडीला जिथे बसवतात तिथल्या, बोल्टपाशी हात घालून उभा होता. दोन सेकंद. त्या माणसाने कप्पी गोळा केली, "तुमचा स्लॅबच कच्चा आहे" म्हणाला आणि निघून गेला. मुलाच्या हाताकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. मला पैशांचं काही नाही, पण हे मी विसरणार नाही.

मग मी ठरवलं की आपणच करायचं, आणि इंजिन क्रेन विकत घेतली, घडीची, हायड्रॉलिक जॅकवाली, सेकंडहँड, अठरा हजार मोजून. विकणारा म्हणाला एक टनाची आहे, तुमची अख्खी जीप उचलेल. मी विश्वास ठेवला कारण क्रेनवर पण मोठ्या अक्षरात एक टन लिहिलेलं होतं.

त्या रविवारी सकाळी साडेसातला मी एकटाच होतो. क्रेनचा दांडा शेवटच्या भोकापर्यंत बाहेर काढलेला, कारण बंपर आणि रेडिएटरवरून इंजिनपर्यंत पोचायला तेवढा लागत होता, गेटची जुनी साखळी इंजिनला गुंडाळलेली, आणि जॅकचा दांडा हातात. तुम्ही दुधाची पिशवी घेऊन चालला होतात. गेटपाशी थांबलात आणि एवढंच विचारलंत, "एकटाच आहेस का?"

मी हो म्हणालो. तुम्ही दूध गेटवर टांगलंत, आत आलात, चष्मा लावलात आणि क्रेनच्या दांड्यावरची धूळ बाहीने पुसलीत. खाली किलोचे आकडे होते, प्रत्येक भोकापाशी एक. १०००, ७५०, ५०० आणि शेवटच्या भोकापाशी २५०. मला म्हणालात, "वाच मोठ्याने." मी वाचलं. "इंजिन, गिअरबॉक्स सगळं मिळून तीनशे धरून चाल. आता सांग ही किती टनाची क्रेन आहे?"

माझ्या पोटात गोळा आला. दांडा जितका लांब तितकी ताकद कमी, आणि पुढे वजन जास्त झालं की क्रेनच पुढच्या पायांवरून पालथी होते, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. विकणाऱ्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

काका, तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, "अरे येडा झाला का, मरशील", आणि दूध घेऊन गेला असता. तेही खोटं नव्हतं. पण तुम्ही विचारलंत, "झाडू आहे का घरात?"

मला खरंच कळलं नाही. मला वाटलं साखळी मागताय, पाने मागताय, निदान चहा. मी केरसुणी आणून दिली आणि तुम्ही, सत्तरी पार केलेला माणूस, सातपूरच्या कंपनीत ३१ वर्षं मेंटेनन्स केलेला, धोतरासारखा पंचा वर खोचून माझ्या पोर्चची फरशी झाडायला लागलात. मी म्हणालो काका मी झाडतो, तर म्हणालात, "तू केर काढशील, मी खडे काढतोय." झाडून झाल्यावर खाली बसलात आणि फरशीवरून तळहात फिरवलात, जीपच्या पुढच्या चाकांपासून गेटपर्यंत, इंच इंच. एक खडा सापडला, ज्वारीच्या दाण्याएवढा. तो माझ्या हातावर ठेवलात आणि म्हणालात की वर तीनशे किलो लटकत असताना क्रेनचं चाक एवढ्याशा खड्याला अडतं, मागून माणूस ढकलत असतो, चाक थांबतं आणि वरचं वजन थांबत नाही.

तो खडा माझ्याकडे आहे. वडिलांच्या घड्याळाच्या डबीत ठेवलाय.

पुढचं सगळं लिहीत नाही, ज्यांना काम येतं त्यांना कळेल आणि ज्यांना येत नाही त्यांनी वाचून करू नये. पण दोन-तीन गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही बोनेट, पुढची जाळी, रेडिएटर, बंपर सगळं उतरवायला लावलंत, तीन तास गेले, मी आतून धुमसत होतो की आज उचलायचं राहणार. मग क्रेन आत सरकवलीत आणि दांडा ५०० वाल्या भोकात आला. गिअरबॉक्स खाली जॅकवर टेकवून वेगळा केलात, म्हणजे वजन कमी आणि ताकद दुप्पट. गेटची साखळी तर तुम्ही दोन बोटांत धरून बाजूलाच टाकलीत आणि घरून तुमची साखळी, ती अडकवायची शॅकल आणि डोक्यावर मजबुतीचा ८.८ आकडा कोरलेले बोल्ट घेऊन आलात. भाच्याने विचारलं साखळी एवढी लांब कशाला, आखूड केली तर उंची वाचेल. तुम्ही पाण्याची बादली भरून आणलीत, एक हात त्याचा एक माझा, आधी जवळ उभं केलंत मग लांब लांब सरकायला लावलंत. हात जसे फाकले तशी बादली तीच असून जड झाली. म्हणालात, साखळी आखूड केली की ती अशीच फाकते, आणि दोन साखळ्यांमधला कोन १२० अंश झाला की दोघींवर प्रत्येकी पूर्ण इंजिनाचं वजन येतं, अर्धं नाही. कॉलेजात हे मी शिकलो होतो बहुतेक, पण कळलं त्या दिवशी.

आणि इंजिन फाउंडेशनवरून दोन बोटं उचललं तेव्हा तुम्ही हात वर करून सगळ्यांना थांबवलंत. पाच मिनिटं. कुणी बोलायचं नाही, कुणी हात लावायचा नाही, फक्त बघायचं जॅक बसतोय का, तेल गळतंय का. रस्त्यावरून एक रिक्षा गेली तेवढाच आवाज. मी इंजिनकडे बघत होतो आणि तुम्ही आमच्या पायांकडे, मी बघितलं ते. भाच्याची चप्पल जरा पुढे होती, तुम्ही नुसत्या डोळ्यांनी मागे घ्यायला लावलीत.

मला वाटलं होतं आता क्रेन मागे ओढायची, पण तुम्ही म्हणालात क्रेन हलवायची नाही, गाडी मागे ढकला. वरचं वजन जागेवर राहू दे. शेजारचे दोघे आले, जीप मागे गेली आणि इंजिन एकटं हवेत राहिलं. लगेच खाली घ्यायचं होतं, दोन जुने टायर ठेवलेलेच होते. इंजिन खाली आणायला जॅकचा वाल्व्ह सोडायची वेळ आली तेव्हा मी बाजूला झालो, मला वाटलं तुम्ही कराल. तुम्ही माझा हात धरून वाल्व्हवर ठेवलात. "तुझ्या वडिलांचं आहे. तू उतरव. पाव फेरा, एवढाच." माझा हात थरथरत होता काका, आणि तुमचा हात वरून होता पण तुम्ही जोर लावला नाहीत, तो नुसता होता. इंजिन टायरवर कसं टेकलं मला कळलंसुद्धा नाही.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. गावाकडचे मनुके अर्धा किलो घेतलेत, तेही बायकोने पिशवीत कोंबले म्हणून.

मी खूप विचार केला की त्या मिस्त्रीत आणि तुमच्यात फरक कशाचा. अनुभव त्याच्याकडेही होता, रोजचं काम आहे म्हणाला ना. पण त्याला इंजिन काढायचं होतं आणि तुम्हाला आम्ही सगळे संध्याकाळी धडधाकट जेवायला बसलेले हवे होतो. आपल्या नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या शेडमधून रिटायर झालेली अशी किती माणसं असतील, सकाळी दूध आणायला जाताना दिसतात, आपण नमस्कारही करत नाही. हाताला धरून शिकवणारी, समोरच्याला मूर्ख न ठरवता त्याची चूक त्यालाच मोठ्याने वाचायला लावणारी. मी मान खाली घालून ऑफिसला जायचो, तुमचं नाव मला त्या रविवारपर्यंत माहीत नव्हतं. सहा वर्षं एका गल्लीत राहतोय आपण. याची मला मनापासून लाज वाटते आणि त्यासाठी माफी मागतो.

ज्यांच्या घरी पोर्चमध्ये असं काही काम चालू असेल त्यांनी क्रेनवरचा मोठा आकडा बघू नका, प्रत्येक भोकापाशी काय लिहिलंय ते बघा. आकडे नसतील तर घेऊच नका. आणि झोपाळ्याच्या कडीला झोपाळाच लावा.

काका, इंजिन बोअरिंगला दिलंय, म्हणजे सिलिंडर आतून नीट करून घ्यायला. ब्लॉक चांगला निघाला, तडा नाही, तुम्ही बोटाच्या टकटकीवरून सांगितलं होतं तसंच. महिन्याभरात येईल. दोन टायर तिथेच आहेत, प्लायचे दोन तुकडे पण आणलेत, पोर्चच्या पुढचे पेव्हर ब्लॉक उंचसखल आहेत म्हणालात ना त्यावर टाकायला. केरसुणी नवीन आणली आहे. भाचा म्हणतो यावेळी फरशी तो झाडणार आणि हात फिरवून तुम्ही तपासायची.

तुमचा,
कोपऱ्यावरचा जीपवाला