दाबाचा आकडा जप

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

काचबिंदूच्या नव्या थेंबांची चाचणी तू हाती घेतोयस, तर सगळ्यात आधी डोळ्याच्या दाबाची मोजणी पक्की कर. तिथं ढिलाई झाली तर पुढचं कुठलंच गणित ती भरून काढत नाही.

जुने थेंब थांबवल्याशिवाय मूळ दाब कळायचा नाही. टिमोलॉल किंवा लॅटॅनोप्रोस्ट चालू असेल तर 4 आठवडे, ब्रिमोनिडीन किंवा डॉर्झोलामाइड असेल तर 2. ज्याची डोळ्याची नस आधीच बरीच गेली आहे त्याला एवढे दिवस विनाऔषध ठेवणं मला पटत नाही. अशाला घेऊच नकोस. बाकीच्यांचाही दाब मध्ये एकदा तपास.

दाब दिवसभर हलत असतो, म्हणून सकाळी 8, 10 आणि दुपारी 4 या वेळा ठरव आणि प्रत्येक भेटीत त्याच पाळ. दाब मोजायच्या गोल्डमन यंत्रावर फ्लुरेसीन हा डोळ्यात घालायचा रंग जास्त झाला की त्यात दिसणारी अर्धवर्तुळं जाड होतात आणि दाब उगाच चढा येतो. टिपून घे, पुन्हा बघ. घट्ट कॉलर, रोखलेला श्वास, पापणीवर टेकलेलं बोट, यांनीही तो चढतो. यंत्राचं चक्र एकानं फिरवायचं, आकडा दुसऱ्यानं वाचायचा, म्हणजे मनातला आकडा हातात उतरत नाही. दोन मोजण्यांत पाऱ्याच्या 2 मिमीपेक्षा जास्त फरक पडला तर तिसरी घे आणि मधला आकडा धर.

चाचणीत प्रवेश एकाच दिवसाच्या दाबावर देऊ नकोस. त्या दिवशी योगायोगानं चढलेला दाब पुढं आपोआप उतरतो आणि श्रेय औषधाला जातं. दोन वेगळ्या दिवशी मोज. प्रवेशाच्या दाबाची वरची मर्यादाही विचारानं ठेव: नेटारसुडिल या काचबिंदूच्या औषधाच्या रॉकेट-1 चाचणीत 27 च्या खाली दाब असलेल्या रुग्णांत ते टिमोलॉलच्या बरोबरीचं ठरलं नाही, 25 च्या खालच्यांत ठरलं. कारण मूळ दाब जितका चढा तितका टिमोलॉल तो जास्त उतरवतं.

आणि दाब उतरला म्हणजे नजर वाचली असं नाही, ती वेगळी मोजावी लागते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत 516 रुग्णांना लॅटॅनोप्रोस्ट किंवा औषध नसलेले नुसते थेंब दिले. 24 महिन्यांत दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजरेचा आवाका, ढासळलं ते लॅटॅनोप्रोस्टवाल्यांत 15.2 आणि नुसत्या थेंबवाल्यांत 25.6 टक्क्यांचं. एवढ्या कमी काळात फरक दिसला, कारण दृष्टिक्षेत्राच्या तपासण्या सुरुवातीला आणि शेवटी दाटीनं घेतल्या होत्या. तुझ्याकडे निधी असेल तर हे कर, मनापासून सांगतो. मात्र पहिली पेरीमेट्री, म्हणजे दृष्टिक्षेत्राची तपासणी, सरावाची समज. ती हिशेबात धरू नकोस.

मसुदा झाला की पाठव. दाबाचा आकडा कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, जाडीवरही अवलंबून असतो; ती कुठल्या भेटीत मोजणार, तेही त्यात लिही.

तुझा,
अविनाश