सूचना : नव्या संशोधन-गटप्रमुखांची बैठक, गुरुवारी दुपारी ४ वाजता

सभासदहो, बैठक नेहमीच्या व्हिडिओ दुव्यावर. नुकतीच स्वतःची प्रयोगशाळा सुरू केलेल्यांनी आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे तात्पुरते संशोधनपद) संपत आलेल्यांनीही यावे. विषय : गटातली पहिली नेमणूक. अनुदान मिळाले की घाईने माणूस घेतला जातो, आणि तेच पुढे महागात पडते.

- जाहिरातीचा मसुदा व मुलाखतीचे प्रश्न सोबत ठेवा. ‘तुमचा फसलेला प्रयोग सांगा’ हा प्रश्न त्यात हवाच.
- प्रत्येकाला २० मिनिटे : ५ अडचण मांडायला, १० इतरांच्या प्रश्नांना, ५ पुढचे पाऊल ठरवायला. प्रश्नांच्या वेळात सल्ला नको. उपायांची घाई झाली की मूळ अडचण झाकली जाते.
- विद्यार्थ्यांची किंवा जुन्या मार्गदर्शकांची नावे घेऊ नका.

येणार की नाही ते मंगळवारपर्यंत कळवा. चारहून अधिक जण असतील तर बैठकीसाठी दोन तुकड्या कराव्या लागतील.