सुरी कुठून आणली, एवढ्यावर शिक्षा नको

महोदय,
ब्रिटनमध्ये जोडीदाराच्या खुनाला किमान २५ वर्षे तुरुंगवास हवा, अशी मागणी करणारा लेख वाचला. त्यामागचा संताप पटतो, मागणी नाही. इंग्लंड-वेल्समध्ये प्रौढ खुन्याने सुरी बाहेरून आणली, तर जन्मठेपेतील किमान मुदतीचा हिशेब २५ वर्षांपासून सुरू होतो. स्वयंपाकघराच्या खणातली उचलली, तर सहसा १५ पासून. घरात गेलेला बाईचा जीव दहा वर्षांनी स्वस्त, हा अन्यायच आहे. पण वर्षानुवर्षे मार खाल्लेली, पै-पैचा हिशेब द्यावा लागणारी, माहेरी फोन करायचीही चोरी असलेली बाई उलटून वार करते, तेव्हा तिच्या हातातही बहुधा तीच भाजी चिरायची सुरी असते. सरसकट २५ वर्षे केली तर घाव तिच्यावरही बसेल. त्यापेक्षा आधीचा संसार तपासावा. जोडीदाराला असे जाचात ठेवणे तिथे २०१५ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. २०२४ पासून खुन्याने हा जाच केला असेल तर मुदत वाढू शकते, त्याने तो सोसला असेल तर घटू शकते. आपल्या २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक, आर्थिक छळाची व्याख्या आहे; खुनाची शिक्षा ठरवतानाही ती विचारात घेणे कायद्याने बंधनकारक करावे.

– एक वाचक, सातारा