तास आणि घसा

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज ओळखूच आला नाही. "काही नाही गं, नववीचे तास लागोपाठ होते," म्हणालीस. घशाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून तुझ्या दुसऱ्या वाक्याकडे वळते: "बेचाळीस पोरांना ओरडून शिकवलं नाही तर जगाच्या स्पर्धेत टिकतील कशी? तुमचा ज्ञानरचनावाद पहिली-दुसरीत ठीक."

बरं. ज्ञानरचनावाद म्हणजे मुलांनी स्वतः करून, आपसात बोलून शिकायचं, एवढंच ना? पिसा ही आंतरराष्ट्रीय चाचणी पंधरा वर्षांच्या मुलांची, म्हणजे तुझ्याच वर्गाच्या आसपासची. 2009 च्या फेरीत आपल्याकडून तमिळनाडू आणि हिमाचल उतरले आणि यादीत तळाला राहिले. तिथे व्याख्या विचारत नाहीत. तक्ता समोर ठेवतात आणि यावरून काय ठरवशील, असं विचारतात. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तिकडे जाणाऱ्या इलेक्ट्रिशियनला ओहमचा नियम कुणी म्हणून दाखवायला लावणार नाही, पण फ्यूज का उडाला ते परक्या भाषेत समजावून द्यावं लागेल. ते तोंड वर्गात उघडलं नाही तर कुठे उघडणार?

विजेच्या युनिटचं गणित घे. बिलं घरून मागवू नकोस. निम्मी पोरं विसरतात आणि ज्यांचा मीटर घरमालकाच्या नावावर असतो ती उगाच ओशाळतात. तीन बिलांच्या झेरॉक्स तूच काढ, नाव आणि ग्राहक क्रमांक झाकून. चौघांचे आठ गट, पाचांचे दोन. सहाचा मुळीच नको. दोघं लिहितात, बाकीचे खिडकीबाहेर. फळ्यावर एकच प्रश्न: 75 वॅटचा पंखा रोज दहा तास चालतो, त्याऐवजी 30 वॅटचा लावला तर तीस दिवसांत किती युनिट वाचतील? पहिली दोन मिनिटं ज्याने त्याने आपापल्या वहीत. हे गाळलंस तर हुशार पोरगा उत्तर फेकतो आणि गटाचं काम तिथेच संपतं. मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग गटात.

दोन-तीन गट हमखास 13,500 लिहितील. हजार वॅट-तासांचं एक युनिट, ते हजाराने भागायचं राहिलेलं असतं. तिथे तुझी जीभ वळवळेल, पण सांगू नकोस. "हातातल्या बिलावर महिन्याचे एकूण युनिट किती?" एवढंच विचार. बिल 112 युनिटचं आणि यांची बचत साडेतेरा हजार! पोरं आपली आपणच साडेतेरावर येतात. विचारल्यावर मनात तीनपर्यंत मोज. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधिकेने वर्गातलं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम सेकंदभर थांबताना दिसले; तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबत होती आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलत होती. तेवढीच घशाला विश्रांती. आलंच बघ.

गोंगाट होणारच. त्याच्यावर ओरडायचं नाही. हात वर करून नुसती उभी राहा. ज्याला दिसेल त्याने हात वर करून गप्प व्हायचं. पहिला आठवडा वैताग येईल, मग सवय होते.

पोर्शन मागे पडतो हे तुझं म्हणणं खरंच आहे. म्हणून असा तास आठवड्याला एकच घे. सूत्रं, व्याख्या सरळ सांगून टाक, त्यात काही पाप नाही. आप्पांचा रेडिओ खोलला होतास तेव्हाही कुठली तार कशाची हे त्यांनीच सांगितलं होतं. स्क्रू काडेपेटीत ओळीने लावले होतेस आणि जोडताना एक उरला. "असू दे," म्हणाले तरी जेवली नाहीस. रात्री पुन्हा खोलून बसलीस. तो कुठला होता, ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीसच.

काय सांगत होते? हां, शेवटची तीन मिनिटं चिठ्ठ्यांची. "आज कुठे अडलं?" नाव लिहायचं नाही. घरी तीन ढीग कर: जमलं, अर्धवट, कोरी. कोऱ्या दहाच्या वर गेल्या तर दुसऱ्या दिवशी तोच भाग, उदाहरण मात्र नवं.

फारच शिकवत बसले, रागावू नकोस. नोकरी स्वतःच्या गुणांवर मिळवलीस, विलासकाका अख्ख्या गल्लीला सांगत फिरतात. मीही सांगते, खरं तर. आणि रात्री जाग आली की तो घोगरा आवाज आठवतो.

गणपतीपासून म्हणाली होतीस, म्हणजे तीन आठवडे झाले. आता मेडिकलच्या गोळ्या पुरे, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाच दाखव. कुजबुजून बोलू नकोस, त्यानेही ताण येतो. जेष्ठमध आत्याबरोबर पाठवलाय.

रविवारी फोन नको. डॉक्टरांची वेळ कधीची मिळाली, तेवढा मेसेज कर.

तुझी,
आई